सातव्या पावलाला टोपी जाते

प्रोग्रामर आयव्हरने आपल्या संगणकावरच्या साधनाची माहिती चार ओळींत उरकली होती. ज्या चित्रातून थर घ्यायचा ते उघडा. थर निवडा. ज्या चित्रांवर बसवायचा ती निवडा. बटण दाबा.

"झालं की," तो म्हणाला. "आणखी काय लिहायचंय यात?"

"करून बघते, मग सांगते," व्हर्ना म्हणाली.

व्हर्ना त्रेपन्न वर्षांची. अमेरिकेतल्या डुलुथमधल्या या तीन टेबलांच्या गेम कंपनीत ती सूचना लिहायची. त्याआधी वीस वर्षं शिवणयंत्रांच्या दुकानात काढली होती. पुस्तिका हातात घेऊन रडकुंडीला आलेली गिऱ्हाइकं तिने तिथे इतकी पाहिली, की स्वतःच्या हाताने केल्याशिवाय एकही पायरी लिहायची नाही, हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

गेममध्ये आता हिवाळा यायचा होता. गावातल्या बासष्ट माणसांना लोकरी टोप्या हव्या होत्या. ही माणसं म्हणजे चौकोनी ठिपक्यांची बोटभर चित्रं. अंग, कपडे, सावली असे एकावर एक थर. त्यात प्रत्येकाला चालायला लावायचं तर एकाच माणसाची सहा नाहीतर आठ चित्रं काढायची. ती सगळी जोलीन काढायची, आणि जोलीनचं मनगट सुजलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला दोन तास, त्याच्या वर एक मिनिट नाही, असं बजावलं होतं. तेवढ्यात टोप्या झाल्या नाहीत, तर मालक हिवाळ्याचं काम बाहेरच्या चित्रकाराला देणार होते. चार वर्षं एकटीने वसवलेलं गाव, आणि टोप्या घालणार दुसरंच कुणी.

आयव्हरने साधन तिच्यासाठीच बनवलं होतं. एक टोपी काढ, बाकीच्यांना ते आपोआप घालेल. पण वसंतात त्याच साधनाने अकरा बायकांच्या शाली पुसून टाकल्या होत्या. त्या जोलीनने पुन्हा काढल्या, हाताने. त्यानंतर ती त्या बटणाच्या वाटेला गेली नव्हती.

"तुझं ते भूत माझ्या गावात नको," ती आयव्हरला म्हणायची, आणि पट्टा बांधलेल्या हाताने पेन उचलायची. दोनाचे साडेतीन तास व्हायचे.

व्हर्नाने चार ओळी अक्षरशः पाळल्या. जोलीनने काढलेली मासेवाल्याची टोपी गिरणीवालीच्या डोक्यावर बसवली आणि तिला चालायला लावलं. सहा पावलं टोपी छान बसली. सातव्याला गेली. आठव्यालाही नव्हती. मग पुन्हा आली.

"आयव्हर, हिची टोपी उडते रे."

तो आला, बघून हसला. "मासेवाल्याची चित्रं सहा, हिची आठ. उरलेल्या दोनांना टोपी कुठून येणार? हे उघड आहे."

"मला नव्हतं उघड. जोलीनला आहे?"

आयव्हरने मान खाजवली.

"आणि शालींचं काय झालं होतं?"

"त्या चित्रांत त्याच नावाचा थर आधीच होता. साधन जुना काढून नवा बसवतं आणि फाइल तिथल्या तिथे जतन करतं. मागे घेता येत नाही."

"हे तू तिला सांगितलंस?"

"मी सॉरी म्हटलं ना."

व्हर्नाने पान नव्याने लिहायला घेतलं. सगळ्यात वर मथळा टाकला: हे साधन कुठे घात करतं. खाली, टोपी कितव्या पावलाला जाते, जुना थर कधी पुसला जातो, बुटक्या माणसाची टोपी नाकावर कशी येते. बटण कुठे आहे ते त्याच्याही खाली. आणि बटणाच्या आधी, ठळक अक्षरात: फोल्डरची प्रत काढा.

आयव्हर वाचून लाल झाला. "अगं बाई, अशी सुरुवात कोण करतं? माणूस पळून जाईल!"

"ती पळालेलीच आहे," व्हर्ना म्हणाली. "आता परत कशी येते ते बघायचंय."

पान छापून तिने जोलीनच्या टेबलावर, कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

जोलीनने ते दोनदा वाचलं. मग फोल्डरची प्रत काढली. व्हर्नाला वाटलं, आता सोपं एखादं चित्र घेईल. तिने घेतला तो मासेवाला आणि समोर उभी केली गिरणीवाली; म्हणजे जिथे बिघडणार असं लिहिलं होतं, नेमकं तेच. बटण दाबलं. तोंडाने पावलं मोजली.

"सातव्याला गेली," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "बरोबर सातव्यालाच गेली गं!"

आयव्हरला यात आनंदासारखं काय आहे ते कळेना. "बिघडलंय ते, जोलीन."

"हो, पण सांगून बिघडलंय."

तिने टोपीची सहाऐवजी आठ चित्रं काढली, पाऊण तासात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकेचाळीस माणसांच्या डोक्यावर टोप्या होत्या. दुपारी पाद्र्यापाशी गाडी अडली.

"व्हर्ना, इकडे ये. मी पाद्र्याचा केसांचा थर लपवून ठेवला होता. टोपी त्याच्याही खाली गेली, आता केस दाखवले की टोपी झाकली जाते. हे तुझ्या पानात नाहीये."

"नाही. मला माहीतच नव्हतं."

"मग लिही. मी सांगते." जोलीनने पेन बाजूला ठेवलं. "लपवलेले थर आधी दिसते करा. लिहिलंस? आणि पुढे लिही, आयव्हरला विचारू नका, तो म्हणेल उघड आहे."

"हे नाही लिहिता येणार."

"बरं. मग पहिलंच लिही."