दत्तारामच्या पोटातली रत्नप्रभा

रत्नप्रभा आयुष्यात एकदाच घाबरली, तीही आरशात बघून, असं तिचा नवरा सांगायचा. गोराईला जाताना होडी कलंडायला लागली तेव्हा तिने समुद्राला अशा शिव्या घातल्या की भर भरतीत ओहोटी लागली. अशा बाईची एक किडनी काढून डॉक्टरांनी तिच्या धाकट्या भावाला, दत्तारामला बसवली. भाऊ वाचला.

दत्ताराम बोरिवलीतला भजनीबुवा. बरा झाल्यावर डबल बारीला बसला, समोर मुलुंडचा सहदेवबुवा. दोघांनी आळीपाळीने गायचं, आणि मंडळाचा नियम असा की मधे उठला तो हरला. पूर्वी स्टेजवर दत्तारामची भीतीने अशी गाळण उडायची की तासन्‌तास लघवी म्हणून लागायची नाही. आताही घाम फुटला, पण किडनीचं आपलं चालूच! तिसऱ्या अभंगाला गडी पखवाज ओलांडून पळाला. सहदेवबुवाने जागच्या जागी त्यावर गजर रचला.

"माझी किडनी आहे ती," रत्नप्रभा ऐटीत म्हणाली. "कोणाच्या बापाला भीत नाही."

"ताई, तुझी फुशारकी राहू दे. गणपतीत परत बारी आहे. तेव्हा उठलो ना, तर भजन कायमचं बंद!"

भजन बंद म्हणजे दत्ताराम जगून काय उपयोग? भावाला घेऊन ती डॉक्टरांकडे थडकली.

डॉक्टर हसले. "बाई, किडनी काढताना तिच्या नसा कापल्या जातात. नसांशिवायही ती रक्त झकास गाळते. पण माणूस घाबरला की 'पाणी धरून ठेव' हा निरोप नसांतून जातो. तो हिला पोचत नाही."

"म्हणजे खोली मिळाली, फोन लागला नाही?"

"अगदी. नसा परत फुटतात, पण सावकाश. किती फुटतील तेही सांगता येत नाही."

"फोनची वाट बघून आमची अर्धी चाळ म्हातारी झाली. मी नाही थांबणार!"

तिने ठरवलं, निरोप धाडत राहिलो तर तार लवकर येईल. मग काय, दाराआडून परात बडवणं सुरू. सांताक्रूझला विमानं डोक्यावरून उतरतात तिथे त्याला उभा केला. दर रविवारी जुहूच्या आकाशपाळण्यात बसवला.

"ताई, किडनी शिकायच्या आधी माझं हृदय बंद पडेल गो!"

"तेही देते, मेल्या! खाली बघ!"

खाली उतरला की दत्ताराम पळायचाच. पण गणपतीच्या आधीच्या रविवारी उतरला आणि पांढराफटक होऊन उभाच राहिला.

"जायचंय?"

"नाही."

"खरंच?"

"शप्पथ!"

रत्नप्रभा वाळूत अशी नाचली की पाळणा उलटा फिरला.

बारीच्या संध्याकाळी दत्ताराम कापत होता. "ताई, वाट लागली. पाय लटपटतायत."

"लटपटू दे! भी, राजा, पोटभर भी!"

तो भीत भीत गात राहिला. सहदेवबुवा कोणाला भितो? तो आरामात चहावर चहा ढोसत होता. पाचव्या अभंगाला त्याने मांडी आवळली, सहाव्याला पडद्यात गुरफटला आणि पडद्यासकट मैदानापार गेला.

जल्लोष झाला. रत्नप्रभा स्टेजवर चढली, दत्तारामच्या पोटाशी वाकली आणि लाडाने म्हणाली, "शाब्बास गं बाय! पण सासरी येऊन एवढी घाबरट कशी झालीस? माहेरी तर अशी नव्हतीस!"