आयटिस, एक्टमी आणि उत्तराबाई

उत्तराबाईंना आजाराचं नाव सांगून फसवायचं म्हणजे कोळणीला शिळं पापलेट विकायचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या मालाडला नर्सिंगच्या मुलींना शिकवत होत्या, आणि पहिला धडा ठरलेला: लांबलचक नावाला भिऊ नका, त्याचं शेपूट धरा. शेवटी आयटिस आलं की सूज. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता 'अमक्याचा'. सांध्याचा रोग, मूत्रपिंडाचा रोग, असं म्हणायचे. पुढे 'रोग' गळून पडला, शेपूट तेवढं उरलं, आणि डॉक्टरांनी ते सुजेच्या नावावर करून टाकलं. ओमा आलं की बहुतेक वेळा गाठ. एक्टमी आलं की कापून बाहेर. ग्रीकांचा 'बाहेर' आणि 'काप' एकमेकांना चिकटवले की झालं काम.

अशा बाईच्या गळ्याला फुगवटा आला. तपासणीचा निकाल मुलाच्या, निहारच्या, मोबाइलवर गेला आणि त्यांच्या यजमानांनी, बाळरावांनी, घरात जाहीर केलं की थायरॉयडायटिस आहे, साधी सूज.

साधी सूज, आणि जन्मात गॅस न पेटवलेले बाळराव रोज सकाळी चहा करून आणायला लागले! निहार भर कामाच्या दिवशी घाटकोपरहून पार्ल्याला येऊन बसायला लागला. नणंद शहाळी घेऊन आली आणि निघताना उगाच गळ्यात पडली. उत्तराबाईंना ही तऱ्हा पुरती ठाऊक होती. वाईट दुखणं दुखणाईताला सांगायची पद्धतच नाही आपल्यात. त्यांच्या आईलाही शेवटपर्यंत अ‍ॅसिडिटी म्हणूनच सांगितलं होतं. ती बिचारी 'बरी झाले की बोलू' म्हणत राहिली आणि मनातलं सगळं घेऊन गेली. आपलं तसं होता कामा नये, एवढं उत्तराबाईंनी पक्कं ठरवलं होतं.

रविवारी जेवताना बाळरावांनी अतिशहाणपणा केला. पुढच्या आठवड्यात अंधेरीला जायचंय, म्हणाले, थायरॉयडेक्टमी करतात, त्याने सूज उतरते.

उत्तराबाईंनी घास खाली ठेवला.

"अहो, या सुजेला डॉक्टर आधी गोळ्या देतात. तुम्ही तर माझी ग्रंथी कापून काढायला निघालात. मधला शब्द कुठे लपवलात?"

अपेंडिक्सला सूज आली तर तेही काढतातच की, असं निहारने पुटपुटून पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बाळरावांचा चेहरा पडला. मग त्यांनी सांगितलं. कार्सिनोमा, कॅन्सरची गाठ. लवकर कळलंय, डॉक्टरांना चांगली आशा आहे, पण तू हाय खाशील म्हणून बोललो नाही, असं म्हणता म्हणता भला थोरला माणूस ताटावर रडायला लागला.

उत्तराबाईंनी आपलं ताट बाजूला सारलं. ओळखलेलं असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

अंधेरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सवयीने बाळरावांकडे बघून बोलायला सुरुवात केली. उत्तराबाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली. बाळराव कळवळून म्हणाले, "अगं, कशाला ऐकतेस? घाबरशील."

"घाबरलेच आहे," त्या म्हणाल्या. "पण आजार माझा, भीतीही माझी. तेवढी तरी मला घेऊ द्या." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हं, बोला. कुठवर पसरलंय?"