लांबून दिसणारी गोधडी

"ताई, दुकानात हे चित्र काडेपेटीवरच्या छापाएवढं दिसणार आहे. आधी लांबून बघ, मग रंगव," असं श्रीयशनं प्रेरणाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. प्रेरणानं ते हसण्यावारी नेलं. "चित्र आहे ते, एसटीची पाटी नव्हे," म्हणाली, आणि महिनाभर स्क्रीनला नाक लावून बसली.

श्रीयश तळेगावचा, कॉलेजात तिच्या मागच्या वर्गात होता. त्यानं एकट्यानं खपून एक व्हिडिओ गेम केला होता, नाव 'राखण'. त्यात मारामारी नाही, गाड्यांच्या शर्यती नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी एक बंगला आहे, मालक शहरात, आणि खेळणाऱ्यानं तो सांभाळायचा. टाकी भरायची, माकडं हाकलायची, बंद खोल्यांना वारा द्यायचा. असे बंगले मळवलीत प्रेरणाच्या सासरच्या भातखाचरांना लागूनच उभे होते, म्हणून मुखचित्राचं काम त्यानं तिला दिलं. मुलीच्या, सृष्टीच्या, जन्मानंतर तिच्या हातात आलेलं हे पहिलंच काम.

तिनं जीव ओतला. बंगला, मागं लोहगड, अंगणात मांजर, जांभळाचं झाड, झाडावर माकडं, कौलांवर शेवाळ, दारात राखणदार आणि त्याच्या जुडग्यातली एकेक किल्ली वेगळी. श्रीयशनं ते ऑनलाइन दुकानात लावलं. तिथं शेकडो खेळांची चित्रं रांगेनं मांडलेली असतात. लोक अंगठ्यानं रांग सरकवत जातात, अंगठा जिथं थांबेल तेवढंच दार उघडतात. 'राखण'पाशी कोणाचा अंगठा थांबेना.

"मोठं करून पाहिलं की अप्रतिम आहे गं," श्रीयश फोनवर म्हणाला. तो कधी वाईट बोलत नसे, आणि तेच तिला टोचायचं. "पण मोठं करायला आधी कोणीतरी थांबायला हवं ना? पुढच्या आठवड्यात दुकानात नव्या खेळांची जत्रा लागतेय. तोवर दुसरं जमतंय का बघ. नाहीतर... पुण्यात एक जण आहे, फक्त मुखचित्रंच करतो तो."

त्या 'नाहीतर'नं तिची झोप उडाली. हे गेलं तर पुढचं काम कोण देणार? पोर सांभाळ, चित्रंबित्रं मग बघू, असं घरात कोणी म्हणत नव्हतं; पण म्हणायला वेळ लागला नसता.

शेवटी तिनं श्रीयशचं ऐकलं. चित्र फोनवर अगदी लहान केलं, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डब्यांच्या रांगेत टेकवलं आणि सृष्टीला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली.

"काय आहे गं ते?"

"भाजी," सृष्टी म्हणाली.

"नीट बघ बरं."

"मेथीची भाजी."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाई, कस्तुराबाई, खदाखदा हसल्या. "पोरगी खोटं न्हाई बोलत. तुजं सगळंच बारीक चिरलेलं!"

प्रेरणा चित्रातली एकेक गोष्ट काढू लागली. मांजर गेलं, माकडं गेली, लोहगडही गेला. रंग काढून नुसत्या काळ्या-पांढऱ्यात पाहिलं तर बंगला डोंगरात बुडालेला. राखणदाराचा चेहरा मोठा केला तर तो एखाद्या भुताच्या खेळातला वाटायला लागला, आणि या खेळात भूत नव्हतंच. जे आत नाही ते दारावर लावायचं नाही, एवढं तिला कळत होतं. नजर नुसती चित्रावरून घसरत होती, आणि ती कुठं अडकवायची ते तिला सापडत नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती फोन घेऊन खिडकीशी गेली. हात लांब केला, डोळे किलकिले केले. फोनमागं, खाचरांच्या पलीकडं, खराच बंगला होता. चिमाबाई तो सांभाळायची. मुलं-बाळं नाहीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मागच्या खोलीत एकटी राहायची. रोज ऊन आलं की ती आपली गोधडी गच्चीच्या कठड्यावर टाकायची, नारिंगी, मधोमध जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा. किलकिल्या डोळ्यांना बंगला नुसता करडा ठोकळा दिसायचा, पण ती गोधडी दिसायचीच. कुंकवासारखी.

आज ठोकळा नुसताच होता.

प्रेरणानं फोन खाली घेतला. "आई, चिमामावशीची गोधडी नाही आज."

"मालक आलं असतील," कस्तुराबाई मान वर न करता म्हणाल्या. "मालकाला न्हाई खपत. बंगल्याची शोभा जाती म्हनं. तो आला की गोधडी आत."

हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. गोधडी नसली की मालक आलेत असं समजायचं, आणि त्या बाजूला फिरकायचं नाही.

"मंगळवारी कुठले मालक? आणि गाडी कुठंय?"

"गाडी आत लावली आसंल. तू आता पुन्यांदा फायर बिरिगेडला फोन करतीस काय?"

प्रेरणा लाजली. माहेर चिंचवडच्या फ्लॅटमधलं. लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात शेतात राब भाजायचा, म्हणजे भात पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळायचा, धूर बघून तिनं खरंच अग्निशमन दलाला फोन केला होता, आणि गाव ते अजून विसरलं नव्हतं. नवरा, कैलास, नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात तो किस्सा दर जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. सृष्टी शिंकली तर ही छाती तपासते, मांजर दूध प्यालं नाही तर हिला विषाची शंका येते. बघत बसायची खोडच तिला.

ती परत चित्राकडं वळली. पण आता त्या करड्या ठोकळ्यावर काय हवंय ते तिला स्पष्ट दिसत होतं, आणि ते दिसल्यामुळंच पलीकडच्या खऱ्या बंगल्यावर ते नाही हे सहन होईना. फाटक अजून बंदच होतं. मालक आले असते तर चिमाबाईनं पहिलं फाटक सताड उघडं टाकलं असतं.

"आई, सृष्टीला बघा," म्हणून तिनं पोरीला खाली ठेवलं आणि खाचराच्या बांधावरून धावत सुटली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. असं तिनं याआधी कधी केलं नव्हतं.

फाटकावरून हात घालून आतली साखळी काढली. मागच्या अंगणात पाण्याच्या मोटरीजवळ चिमाबाई भिंतीला टेकून बसलेली. टाकी भरून वाहिलेल्या पाण्यानं फरशी बुळबुळीत झाली होती, आणि डावा पाय भलतीकडंच वळला होता. ओठ निळे पडले होते.

"आलीस व्हय?" ती पुटपुटली. "म्या म्हनलं, आता शनवारी मालकच उचलायला येत्यात."

"मावशी, ओरडायचं तरी!"

"वरडले की. तांबडं फुटायच्या आदीपासून वरडतीया. ऐकाया हितं कोन माकडं?"

प्रेरणानं खोलीतून गोधडी आणून तिच्याभोवती गुंडाळली आणि रस्त्यावर जाऊन शेजारचा बंगला सांभाळणाऱ्या गेणूला हाका मारल्या. तो पळत आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "म्या रोज सकाळी चहाला येतो वो हितं. आज गोधडी दिसली न्हाई, म्हनलं मालक आलं. त्यांच्याम्होरं बिडी वडायची पंचाईत, म्हनून हिकडं आलोच न्हाई."

त्यानं जीप मिळवली, चिमाबाईला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. घोटा मोडला होता. थंडीत अजून पडून राहिली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. प्लास्टर घातल्यावर चिमाबाईची भाची तिला कुरवंड्याला घेऊन गेली.

त्या दुपारी सृष्टी झोपल्यावर प्रेरणानं स्क्रीनवर नवी कोरी पाटी उघडली. सगळं चित्र संध्याकाळच्या निळसर करड्या रंगात. चौकट भरून टाकणारा बंगला, खिडक्या बंद, माणूस नाही. कठड्यावर एक नारिंगी गोधडी, मधोमध हिरवा तुकडा. खाली ठसठशीत अक्षरात 'राखण'. सृष्टी उठल्यावर ते लहान करून मांडणीवर ठेवलं.

"सृष्टी, काय आहे?"

"चिमाआजी."

श्रीयशला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "छान आहे. लांबून पण दिसतंय. पण ताई, माझ्या खेळात गोधडी नाहीये."

"मग घाल."

"तू मुखचित्र करतेयस की खेळ?"

"खेळणाऱ्यानं रोज सकाळी गोधडी वाळत टाकायची. समोरच्या बंगल्यावरही एक असू दे. आणि एके दिवशी समोरची दिसायची नाही. एवढंच घाल, मी दुसरं काही मागत नाही."

"आणि खेळणाऱ्याच्या लक्षातच नाही आलं तर?"

प्रेरणानं त्याला सकाळचं सगळं सांगितलं. श्रीयश म्हणाला, "घालतो."

गोधडी चित्रात वापरायची परवानगी मागायला ती सृष्टीला घेऊन कुरवंड्याला गेली. चिमाबाई पाय उशीवर ठेवून भाचीला हुकूम सोडत बसली होती. चित्र तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

"माजं त्वांड न्हाई काडलंस?"

"काढू का?"

"नगं. हे बरं हाय. हिरव्या तुकड्याचं इसरली न्हाईस, लय झालं." मग फोन परत देत म्हणाली, "गेणूला सांग, माजी दुसरी गोधडी हाय पेटीत, ती टाकत जा म्हनावं. न्हाई तं लोकास्नी वाटंल मालक ऱ्हायलाच आलं."

जत्रा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी श्रीयशचा फोन आला. "थांबतायत, ताई. सगळे नाही, पण थांबतायत." पुण्याच्या माणसाचं नाव त्यानं काढलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "चित्राखाली दोन ओळी हव्यात. मी लिहितो ते जाहिरातीसारखं होतं. तू लिही ना."

प्रेरणा खिडकीशी बसली. पलीकडं गेणूनं टाकलेली गोधडी वाऱ्यानं फुगत होती. तिनं चार वेळा लिहून खोडलं, आणि मग लिहिलं:

"खेळ सुरू करण्याआधी तुमच्या खिडकीतून एकदा बाहेर बघा. एकट्या राहणाऱ्या कोणाचं तरी काहीतरी तुम्हाला रोज दिसत असेल: वाळत टाकलेला टॉवेल, उघडी खिडकी, पायरीवरच्या चपला. आज दिसलं का? नसेल, तर कोणीतरी आलं असेल असं समजू नका. खेळ तुमच्यासाठी थांबेल. जाऊन बघून या."