दोघींचा कोयता

"कोयता म्हंजी नवरा-बायकू," बंकट मुकादम तंबाखू मळत म्हणाला. "त्यानं ऊस कापायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. तुमी दोघी बाया. तुमचा कसा व्हईल कोयता?"

"मी कापते," केसरबाई म्हणाली. "मोळ्या ही वाहील. मग झालं का न्हाई?"

त्यांच्या गावात, नांदूरघाटात, पाण्याचा टँकरसुद्धा रुसत रुसत यायचा. मागं राहून करायचं काय? दोघी एकाच नवऱ्याच्या. केसरबाईला मूल होईना म्हणून आश्रुबानं मुक्ताबाई आणली. तिलाही झालं नाही, आणि दोष कुणाचा हे कुणी विचारायच्या आत तो वारला. टोळीत एक जोडी कमी पडत होती, म्हणून मुकादमानं नाक मुरडत दोघींना ट्रकमध्ये घेतलं. सवती-सवतींचा संसार म्हणून गाव हसलं. मुक्ताबाईला मात्र हायसं वाटलं. आता हुकूम सोडणारं कुणी नव्हतं.

कारखान्याच्या फडात केसरबाईनं लुगड्यावर आश्रुबाचा सदरा चढवला आणि कोयता धरला. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग फडातून आली की ती उसाच्या पाचटाच्या कोपीपुढं पाय पसरून बसू लागली. मोळ्या वाहून मुक्ताबाईची मान मोडलेली असायची, तरी चूल तिनंच पेटवायची, भाकरी तिनंच थापायची. पहिली भाकरी केसरबाईच्या ताटात. तिचं झालं की उरलंसुरलं मुक्ताबाईचं.

एका संध्याकाळी केसरबाई मान न वळवताच म्हणाली, "पानी दे. कामून येळ लागतोय एवढा?"

आश्रुबाचाच सूर. मेलेला माणूस परत येऊन दारात बसलाय असं मुक्ताबाईला वाटलं, आणि तिला लई थकल्यासारखं झालं.

"आक्का," ती तांब्या ठेवत म्हणाली, "उद्यापून कोयता मी धरते. मोळ्या तू वाहा."

"तुला जमंल का?"

"तुला जमलं की."

केसरबाईनं अंगातल्या सदऱ्याकडं पाहिलं. मग गुंड्या सोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सदरा मुक्ताबाईच्या अंगात होता आणि चुंबळ केसरबाईच्या डोक्यावर. संध्याकाळी मुक्ताबाईला पाय पसरून बसवेना. एकीनं भाकरी थापल्या, दुसरीनं चुलीत पाचट सारलं. दोन ताटं समोरासमोर वाढली. केसरबाई थांबली. मुक्ताबाईही थांबली. पुरुष जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, एवढंच दोघींना येत होतं. ताटात भाकरी निवत गेली.