चुलीतली राख

दारात अनोळखी माणूस दिसला की आपली नजर आधी त्याच्या हातांवर जाते. ग्रीसमधल्या आर्केडियाच्या डोंगरातल्या गडाचा राजा क्रतेमॉनही तेच बघत होता. अकरा लढायांत कधी पाठ न दाखवलेला हा राजा पाठीशी भिंत असल्याशिवाय जेवायला बसत नसे, आणि त्याला तो सावधपणा म्हणे.

भर दुपारी आलेला तो माणूस सरळ दिवाणखान्यातल्या चुलीपाशी गेला आणि राखेत बसला. आश्रय मागायची ती रीत होती. कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने पोटाशी धरलं होतं. राजाला लहानाचं मोठं केलेली दाई मेलिसो पाय धुवायला पाणी घेऊन आली. राजाने तिला अडवलं.

"आधी नाव सांगू दे."

"अरे, आधी पाय धुवायचे, जेवू घालायचं, मग नाव विचारायचं. पाहुण्यांचा राखणदार देव झ्यूस बघतोय. तुझ्या बापाने वैऱ्यालाही असंच जेवू घातलं."

"म्हणूनच लवकर गेला."

"घोड्यावरून पडून गेला. मी तिथेच होते."

पाहुणा हळूच म्हणाला, "महाराज, तुम्हीही दोन घास खा. मग कशाला आलो ते सांगतो."

यजमानाच्या जेवणाची काळजी पाहुण्याला कशाला? राजाच्या मनात पाल चुकचुकली. अन्नात विष असेल, कांबळ्यात सुरा असेल. याला वैऱ्यांच्या खोऱ्यातूनच पाठवलं असणार. दोन वर्षांपूर्वी राजाचा मुलगा लीकोन बापाशी भांडून त्याच खोऱ्यात निघून गेला होता. त्यानेच तर गादीसाठी हा मारेकरी धाडला नसेल?

राजाने कांबळं सोडायला सांगितलं. पाहुणा विनवणी करत त्याचे गुडघे धरायला पुढे सरकला. राजाला वाटलं, सुरा निघाला. त्याने भाल्याचा दांडा हाणला.

मातीचं भांडं फुटल्याचा आवाज झाला. चुलीतल्या राखेवर आणखी राख सांडली, काही हाडं आणि काशाची एक पिन. लीकोनच्या खांद्यावरच्या वस्त्राला ती पिन मेलिसोने स्वतः लावली होती.

"तापाने गेला," पाहुणा म्हणाला. "चाळीस दिवस माझ्या घरी होता. नाव मी तो जेवल्यावर विचारलं. वैऱ्याचा मुलगा निघाला, पण तोवर तो माझा पाहुणा झाला होता. बापाला ही बातमी उपाशीपोटी देऊ नये, म्हणून थांबलो होतो."

राजा गुडघ्यांवर बसून राख चिवडू लागला. लाकडाची कुठली, लेकराची कुठली, काही कळेना. बऱ्याच वेळाने त्याने मेलिसोच्या हातातून पाणी घेतलं आणि पाहुण्याचे पाय धुतले. त्याला वाढलं, शेजारी बसून स्वतःही दोन घास गिळले. राजाची पाठ दाराकडे होती.

मग त्याने नाव विचारलं. "पोलिदास," पाहुणा म्हणाला.

वाचकहो, दार सांभाळावं, त्यात काही गैर नाही. पण संशयाला सावधपणा म्हणू लागलो, की आपल्याच माणसाची खबर घेऊन आलेल्यावर आपण हात उगारतो. आधी माणसाला बसवा, पाणी द्या. बाकीचं नंतर विचारता येतं.

क्रतेमॉनच्या गडावर त्यानंतर चुलीतली राख कुणी बाहेर टाकली नाही.