मधली पट्टी

माझा नवरा सुतार. त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, त्याच आठवड्यात त्याने आमचा पलंग करवतीने मधोमध कापला आणि दोन खाटा केल्या. एक खिडकीशी, एक दाराशी. मला लागण झाली नव्हती, ती पुढेही होऊ नये म्हणून. नुसतं शेजारी झोपून काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं. पण याचं डोकं म्हणजे सागवान.

गोळी मात्र तो कधी चुकवायचा नाही. जेवण, मग गोळी, मग दाराकडची खाट. मी चिडायचे, अबोला धरायचे. मला मूल हवं होतं आणि त्याच्याही आधी नवरा हवा होता.

या वेळी तपासणीला मीही हट्टाने गेले.

"विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालाय," बाई म्हणाल्या. "वर्षभर तसाच आहे. गोळी चालू ठेवलीत तर संबंधातून बायकोला लागण होणार नाही. मूलही होऊ द्या."

"मोजता येत नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच?" हा म्हणाला. "फटीत पट्टी शिरत नाही म्हणून फट नसते का?"

मला लाज वाटली. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "फट आहेच. विषाणू अंगात आहे, म्हणून तर गोळी सोडायची नाही. पण अशी हजारो जोडपी तपासली गेली. विषाणू असा दबलेला असताना एकाही जोडीदाराला त्यातून लागण झाली नाही. तरी धीर होत नसेल, तर लागण टाळणारी रोजची गोळी यांनाही देते."

"द्या," मी म्हणाले. "गोळी मी घेते, उतारा याच्या डोक्याला पडू दे."

घरी आल्यावर मीच पदर खोचला आणि खाटा ओढून एकमेकींना लावल्या. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं.

"नीट बसणार नाही. मधलं लाकूड करवतीनं खाल्लंय."

"राहू दे. मी काही त्या फटीतून पडत नाही."

तो घरामागच्या त्याच्या कारखान्यात गेला. बराच वेळ रंध्याचा आवाज येत होता. परतला तेव्हा हातात एक बारीक पट्टी होती. सरस लावून त्याने ती सांध्यात बसवली.

"इथं दाबून धर."

"कधीपर्यंत?"

"सरस वाळेपर्यंत."

मी धरलं. पट्टी हलू नये म्हणून त्याने माझ्या हातावर हात ठेवला. सरस वाळला, तरी त्याने हात काढला नाही.