चिपाडाचा उजेड

मित्रांनो, मी एक छोटासा दिवा आहे. क्यूबातल्या सांता क्लारा शहरात, एका प्रयोगशाळेत मी जन्मलो. माझ्या पोटात पारा नाही, की खाणीतून उकरलेली महागडी माती नाही. निळ्या प्रकाशाचा एक इवलासा दाणा आणि त्यावर उसाच्या चिपाडापासून केलेला पिवळसर पापुद्रा, एवढाच माझा संसार. दोघं मिळून पांढरा उजेड देतात. वीज लागते नखभर, छोटीशी बॅटरीही पुरते, आणि पापुद्रा फेकला तरी मातीत मिसळून जातो.

ते चिपाड रोसेंडोचं. चाळीस वर्षं तो साखर कारखान्यात राबला. कारखाना कायमचा बंद पडला, तेव्हा शेवटच्या गाळपाचं पोतंभर चिपाड त्याने घरी आणलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच्या मुलीने, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओडालिसने, त्या अख्ख्या पोत्यातून जेमतेम चिमूटभर पूड काढली. ती सगळी माझ्यातच संपली.

रोसेंडो आता दम्याने थकला होता. रोज संध्याकाळी वीज जायची आणि अंधारात त्याचा जीव घुसमटायचा.

"पोरी, तो दिवा माझ्या उशाशी ठेव की," तो म्हणाला.

"पापा, तो हजार तास सलग जळायला हवा. बेचाळीस दिवस थांबा. मध्ये हलवला तर सगळं पहिल्यापासून."

ओडालिस वाईट नव्हती हो. पापुद्रा विटत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय मला कोण विचारणार होतं? ती दिवसभर माझा उजेड मोजायची, घरी फक्त झोपायला जायची.

एकदा रोसेंडो कॉफी घेऊन धापा टाकत प्रयोगशाळेच्या दारात आला. तिने मान वर केली नाही. तो हसून म्हणाला, "आपल्याकडे म्हणतात, चिपाडाकडे कोण बघतो! तुझी तर नजरच हलत नाही. मीही चिपाडच की आता."

तिलाही हसू आलं. मला आलं नाही.

एकतिसाव्या दिवशी, संध्याकाळी वीज गेलेली असताना, रोसेंडो गेला. शेजारीण सांगायला आली. ओडालिस धावत सुटली, पण मला विझवायचं तिला सुचलं नाही. तिचे सहकारी येऊन माप घेत राहिले आणि मी आणखी अकरा दिवस जळत राहिलो. स्वतःच्या उजेडाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हजार तास भरले. मी तसूभरही मंदावलो नव्हतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओडालिसने मला घरी नेलं, रोसेंडोच्या पलंगापाशी ठेवलं. उशीचा अभ्रा अजून बदललेला नव्हता.

"पापा, लावलाय," ती म्हणाली, आणि खाली बसून हमसाहमशी रडली.

मित्रांनो, मला जपा, जरूर जपा. पण कुणी अंधारात माझी वाट बघत असेल, तर मला एक दिवसही प्रयोगशाळेत अडकवून ठेवू नका.